दिवाडीचा पैलतीर

मुंबईहून कोकण रेल्वेने मडगावला गेलेल्या प्रत्येकाने दिवाडी बेट ओलांडलेले असते. थिवी मागे पडते, करमळी यायची असते, आणि मध्येच दोन्ही खिडक्यांतून पाणी दिसू लागते. मग भाताची शेते, बांधावरचे माड, एखादा बगळा, आणि पुन्हा पाणी. गाडी इथे थांबत नाही; बेटावर स्टेशनच नाही. डब्यातल्या मंडळींनी तोवर बाकाखालच्या बॅगा ओढायला घेतलेल्या असतात, आणि मांडवीच्या पात्रातले हे बेट कुणाच्या लक्षात न येता निघून जाते.

गोव्याला सुट्टीवर येणाऱ्याने किनारा पाहावा, त्यात वावगे काही नाही. पण बेट पाहायचे मनात असेल तर समुद्राकडे पाठ करून नदीकडे यावे. दिवाडीला अजून रस्त्याचा पूल नाही. रायबंदरहून, जुन्या गोव्याहून आणि डिचोली तालुक्यातल्या नार्व्याहून फेरीबोटी सुटतात. बहुतेक पर्यटक जुन्या गोव्याकडून जातात: १५९९ मध्ये बांधलेल्या व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ खाली उतरले की धक्का. बोट म्हणजे एक सपाट लोखंडी तबकच. तिचा फळा खणखणत धक्क्यावर पडतो, आधी स्कूटरी, मग गाड्या, मग पावाच्या टोपल्या लावलेली सायकल, आणि उरलेल्या जागेत माणसे. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. पाच-सात मिनिटांत पलीकडे. तेवढ्यात ज्यांना एकमेकांशी बोलायचे असते ते बोलून घेतात.

पावसात जावे असे मी आग्रहाने सांगेन. डिसेंबरातली दिवाडीही छान असते, पण श्रावणात ती जिवंत असते. धक्क्यावरून निघालेला रस्ता बराच वेळ खाजनातून जातो. खाजन म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून सोडवलेली जमीन. चिखल, पेंढा, चिरे यांनी रचलेले हे बांध गावकऱ्यांनी पिढ्यानुपिढ्या राखले, आणि त्यांच्या आतल्या खारवट मातीत तग धरणारे कोरगुट जातीचे भात पिकवले. बांधाबाहेर खारफुटीची झाडे भरतीचा मार झेलतात.

बांधात एके ठिकाणी मानस असते. तिथे मी नेहमी थांबते. दगडी चौकटीत लाकडाच्या झडपा, पाण्याने काळ्या पडलेल्या, कडांना शेवाळ. भरती चढू लागली की बाहेरचे पाणी झडपेवर रेटते आणि झडप आपसूक मिटते. खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतले पाणी झडप उघडून नदीत निघून जाते. ना मोटर, ना चावी, ना राखणदार. चंद्र आणि पाणी मिळून दिवसातून दोनदा दार उघडतात, दोनदा लावतात. ओहोटीच्या वेळी पाणी सुटते तेव्हा मानसीच्या तोंडाशी जाळे लावतात आणि मासळी धरतात. तो हक्क लिलावाने दिला जातो. एवढ्या साध्या युक्तीवर एका बेटाचे जेवण शेकडो वर्षे शिजत आले. आज बरीच खाजने पडीक आहेत. बांध फुटला आणि वेळेवर बांधला नाही की शेतात खारे पाणी भरते, मग तिथे खारफुटी रुजते, आणि ती जमीन पुन्हा भाताकडे येणे कठीण. हे पाहताना जीव तुटतो. चर्च आणि देवळे यांच्याइतकीच ही मानस जपण्याची वस्तू आहे, असे मला ठामपणे वाटते.

रस्ता पुढे पियेदादच्या टेकडीवर चढतो. माथ्यावर पियेदादच्या मातेचे चर्च. समोरच्या पटांगणातून खाली शेते, नदी आणि पलीकडे झाडीतून वर आलेले जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. फोटो काढून लोक परततात. मी मात्र प्रत्येकाला शेजारच्या दफनभूमीत जायला सांगते. तिथल्या लहानशा चॅपेलमध्ये शिरून मान वर करावी. छताचा कोरीव दगड कदंबकालीन देवळाचा आहे. टेकडीवर पूर्वी गणपतीचे स्थान होते. बेटावरचा तो गणपती लोकांनी नदीपार नेला, आणि आज तो फोंडा तालुक्यातल्या खांडोळ्याला महागणपती म्हणून नांदतो. खाली थडग्यांवर ताजी शेवंती, वर कमळाकृती दगड. एकाच छपराखाली दोन काळ असे गुपचूप राहताना पाहिले की माझे बोलणे आपोआप हळू होते.

इथे पोचल्यावर बेटाची खरी गोष्ट कळू लागते. दिवाडीवरचे सर्वांत मोठे स्थळ आता दिवाडीवर नाही. ते होते सप्तकोटेश्वराचे देऊळ, गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. ‘श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ हे बिरुद ते आपल्या सोन्याच्या नाण्यांवर कोरत. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत देऊळ पडले. विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले. शिवलिंग कुणाच्या तरी विहिरीवर दोर ओढायच्या कामाला लावले होते असे सांगतात. भाविकांनी ते तिथून काढले आणि नदीपार नार्व्याला आणले. बेटावर उरले कोटितीर्थ: जांभ्याच्या पायऱ्यांचे तळे, भिंतींतून देवळ्या, आणि त्या देवळ्यांतून आज कुणी नाही.

नार्व्यालाच का? कारण नदीपलीकडे पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. दिवाडी ज्यात येते ती तिसवाडी त्यांनी १५१० मध्ये घेतली. डिचोली आणि पेडणे त्यांच्या हाती कायमचे गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, पेडणे तर १७८८ मध्ये. अडीच शतकांहून जास्त काळ हा नदीचा पट्टा दोन जगांमधली सीमा होता. ऐलतीरावर देव ठेवता येत नव्हते, पैलतीरावर येत होते. म्हणून या परिसराचा नकाशा समजायचा तर बेटावर फिरून भागत नाही; बेट सोडून डिचोलीच्या काठावर जावे लागते. मी तरी दिवाडीचा प्रवास नार्व्याच्या फेरीनेच संपवते.

धक्क्यावरून थोडे आत गेले की माडापोफळींत, डोंगराच्या कुशीत देऊळ आहे. उंच शिखर नाही, डामडौल नाही. उतरती कौले, अष्टकोनी बैठकीवर गोल घुमट, पुढे दीपस्तंभ. गोव्यातल्या देवळांची जी घडण पुढे सर्वत्र दिसते, तिची एक जुनी, साधी पायरी इथे पाहायला मिळते. राज्य सरकारने जीर्णोद्धार करून २०२३ मध्ये ते पुन्हा खुले केले. प्रवेशद्वाराच्या वर शिलालेख आहे: शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, श्रीशिवराजाच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ. म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८. अक्षरे थोडकी, पण ती वाचताना अंगावर काटा येतो. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला अजून साडेपाच वर्षे होती. पोर्तुगीजांच्या उंबऱ्यावर, त्यांनी हाकललेल्या देवासाठी महाराज चिरे रचवत होते. आत गाभाऱ्यात धारालिंग आहे, अंगावर उभे पैलू असलेले. समईच्या उजेडात पैलूंच्या कडा तेवढ्या चमकतात. कदंब राजे ज्याच्यापुढे वाकले ते हेच लिंग अशी श्रद्धा आहे, आणि तिथे उभे असताना मला ती पटते.

शेजारच्या चोडण बेटाची कथाही याच वळणाची. तिथली देवकीकृष्णाची मूर्ती आधी डिचोलीतल्या मये गावी गेली, मग माशेलला. माशेलच्या त्या देवळापुढच्या मैदानात आषाढात चिखलकाला रंगतो, आणि म्हातारेकोतारेही चिखलात लोळतात. चोडणवर पाहायला आज पश्चिम टोकाचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ पासूनचे. पावणेदोन चौरस किलोमीटरहून थोडे मोठे, सगळे खारफुटीचे. होडीने जावे आणि बोलू नये. खंड्या, ब्राह्मणी घार, ओहोटीच्या चिखलावर डोळे वटारून बसलेले निवटे, आणि नशीब असेल तर पाणमांजर.

आणखी दोन दिवस हाताशी असतील तर पेडण्याला जावे. केरीहून फेरीने तेरेखोल नदी ओलांडली की तेरेखोलचा किल्ला. गाव गोव्याचे, पण जमिनीने जोडलेले सिंधुदुर्गाला, म्हणजे गोमंतकीयाच्या दृष्टीने बेटच. सावंतवाडीकरांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. परतताना पेडणे गावात भगवतीच्या देवळापाशी उतरावे. दाराशी काळ्या दगडाचे दोन हत्ती आहेत. कोजागरीच्या सुमारास गेलात तर पेडण्याची पुनव पाहायला मिळेल, तिच्याबद्दल इथे दोन ओळींत लिहिणे अन्यायाचे होईल.

ऑगस्टचा आग्रह मी धरते त्यालाही कारण आहे. महिन्याच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेरा असतो. वाड्यावाड्यांत हद्दीवरून भांडणे होत, हद्दी दाखवायला निशाणे रोवत आणि विरोधक ती पाडत. त्या भांडणाचा आज खेळ झाला आहे: बँड, सोंगे, रंगीत निशाणांची मिरवणूक, आणि बांबूच्या फोटाशांतून एकमेकांवर उडणारी फळे. गोकुळाष्टमीही याच दिवसांत येते. त्या दिवशी नार्व्याच्या काठावर पंचगंगेच्या स्नानाला गर्दी लोटते. डिचोली, पेडणे, सत्तरी, फोंडा, कुठून कुठून माणसे येतात. लाल गढूळ पाण्यात बायका हात धरून उतरतात, मुलांना दटावून आणखी एक बुडी मारायला लावतात, कुणाची टोपी वाहून जाते आणि चार जण तिच्यामागे धावतात. काठावर चणे-शेंगदाणे, खाजे, बांगड्या, प्लॅस्टिकच्या बासऱ्या. पेडण्याकडच्या एका आजींनी मला पाण्यातच विचारले होते, समोरच्या बेटावर काय आहे. मी सांगितले, देव पूर्वी तिथे होता. त्यांनी समोर पाहून हात जोडले, पदर पिळला, आणि देवळात रांग वाढायच्या आत चल म्हणून मला पुढे घातले.