बाबांचे अकराशे चाळीस डाव

ऑनलाइन बुद्धिबळात हरलेला डाव जातो कुठे?

बाकावर पट मांडून खेळलात तर डाव संपला की सोंगट्या डब्यात, पट बगलेत, विषय संपला. कोण कुठल्या चालीला चुकला यावर चहा होईपर्यंत वाद घालायचा आणि घरी जायचं. इंटरनेटवर तसं नसतं. तिथे प्रत्येक डाव, त्यातली प्रत्येक चाल, आणि ती चाल झाल्यावर घड्याळात किती वेळ उरला होता, हे सगळं जसंच्या तसं साठवलेलं असतं. नीट मागितलं तर परतही मिळतं. आजचा लेख त्या मागण्याबद्दल आहे. जावा न येणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, खाली कोडची एकही ओळ नाही :)

तर मंडळी, आमचे बाबा लीचेसवर खेळतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तिबो द्यूप्लेसी नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने 2010 मध्ये ही साइट सुरू केली. जाहिराती नाहीत, पैसे भरून उघडायचं काही नाही, सगळा खर्च देणग्यांवर. कोड सगळ्यांना खुला आहे आणि सर्व्हरचा मोठा भाग स्कालामध्ये लिहिलाय, म्हणजे आपल्या जावाची चुलत बहीणच. डेटाही तसाच खुला. कोणत्याही खेळाडूचे डाव एपीआयमधून कोणीही उतरवून घेऊ शकतं.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला होते. निवृत्त झाले आणि पाठोपाठ लॉकडाऊन आला. कोपरीतून बाहेर पडायची सोय नाही, मीठबंदर रोडवरचं संध्याकाळचं फिरणं बंद. तेव्हा डोंबिवलीच्या काकांनी फोनवरून त्यांना लीचेसचं खातं उघडायला लावलं. सुरुवातीला आठवड्याला दोन-तीन डाव, मग रोज. दहा मिनिटांचा रॅपिड डाव, त्यापेक्षा कमी नाही आणि जास्त नाही. रेटिंग हळूहळू 1640 पर्यंत गेलं. (लीचेसवर सगळ्यांची सुरुवात 1500 पासून होते. तिथे ग्लिको-2 नावाची पद्धत वापरतात. फिडेच्या इलो रेटिंगशी या आकड्याची थेट तुलना करू नये.)

गेल्या चार महिन्यांत ते 1530 वर आलं.

आता 110 पॉइंट म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. पण बाबा एक दिवस जेवताना म्हणाले, "बंद करतो आता हे. डोकं चालत नाही पूर्वीसारखं." त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं की आईने वर पाहिलंसुद्धा नाही. मला मात्र घास गिळवेना. कारण डोंबिवलीचे तेच काका गेल्या दीड वर्षापासून माणसं विसरायला लागलेत. मागच्या भेटीत त्यांनी बाबांना "आपण कोण?" असं विचारलं होतं. बाबा काकांपेक्षा चार वर्षांनी लहान. त्यांना नेमकी कसली भीती वाटतेय ते सांगायची गरज नव्हती.

मी म्हटलं, "बाबा, तुमचे सगळे डाव काढून बघू का?"

"काढ की. त्यात काय लपवायचंय?"

डाव सगळ्या जगाला दिसतात, त्यामुळे न विचारताही काढता आले असते. पण विचारलं ते बरं झालं, पुढे कळेल का ते.

प्रश्न आधी नीट मांडायला हवा होता. रेटिंग घसरलं म्हणजे निकाल बिघडले, एवढंच कळतं. का बिघडले, ते रेटिंगला माहीत नसतं. डाव तीन मुख्य प्रकारांनी हरता येतो: मात होऊन, राजीनामा देऊन, किंवा घड्याळ संपून. डोकं मंदावलं असेल तर पहिले दोन प्रकार वाढायला हवेत. पट वाचण्यात चुका होतील, मोहरे फुकट जातील. तिसरा वाढला असेल तर गोष्ट वेगळी असू शकते.

लीचेसच्या एपीआयसाठी जावामध्ये चॅरियट नावाची लायब्ररी आहे. चॅरियट म्हणजे रथ. बाबांना हे नाव फार आवडलं, कारण चतुरंगात हत्ती, घोडे, पायदळ यांच्याबरोबर रथही होताच. लायब्ररीचं काम सोपं आहे: एक क्लायंट बनवायचा, खेळाडूचं नाव द्यायचं, डाव मागायचे. ते एकदम गठ्ठ्याने येत नाहीत. एक डाव, एक ओळ, असे ओळीने येत राहतात आणि आपल्याला जावाची नेहमीची स्ट्रीम मिळते. फिल्टर लावा, गट पाडा, मोजा. अनोळखी माणसाला सेकंदाला वीस डाव या वेगाने देतात. बाबांचे अकराशे चाळीस डाव साधारण मिनिटभरात उतरले. एका वेळी एकच विनंती करायची, आणि 429 हे उत्तर आलं तर पूर्ण एक मिनिट गप्प बसायचं, असा तिथला नियम आहे. फुकटच्या पाणपोईवर बादल्या भरू नयेत, तसंच ते.

मागताना घड्याळाची नोंदही हवी असं सांगायला लागतं. मग प्रत्येक चालीनंतर उरलेला वेळ मिळतो. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. त्यांचा पहिला प्रश्न: "लीस्ट काउंट किती?" टूलरूमचा माणूस! म्हटलं, सेकंदाचा शंभरावा भाग. "मग ठीक आहे," म्हणाले, जणू नाहीतर त्यांनी ते माप परतच पाठवलं असतं.

आधीच्या चार महिन्यांत 296 डाव, त्यातले 141 हरलेले. त्यात घड्याळ संपून 38. अलीकडच्या चार महिन्यांत 310 डाव, 168 हरलेले. त्यात घड्याळ संपून 71. म्हणजे मात किंवा राजीनाम्याने हरलेले डाव आधी 103 होते, आता 97. शंभर डावांमागे पस्तीसवरून एकतीसवर आले. वाढलेत ते फक्त घड्याळाचे.

बाबांचा लगेच विश्वास बसला नाही. "विचार करायला वेळ लागतोय म्हणजे डोकंच मंद झालं ना?" शंका बरोबर होती. कामावर आमच्या टेस्टिंगच्या टीमला असा माणूस हवा.

म्हणून दोन गोष्टी केल्या. एक, घड्याळ संपलेले ते 71 डाव शेवटच्या स्थितीत स्टॉकफिशला दाखवले. स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं खुलं इंजिन, जावामधून वेगळी प्रोसेस म्हणून चालवता येतं. 71 पैकी 44 डावांत बाबा वरचढ होते किंवा डाव समसमान होता. दुसरी, विचार करावाच लागत नाही अशा चाली वेगळ्या काढल्या. समोरच्याने तुमचा घोडा मारला आणि तुम्ही लगेच त्याचा मारणारा मोहरा मारता, अशा परतफेडीच्या चाली. या चालींना आधी बाबांना साधारण 1.6 सेकंद लागायचे. आता 4.1.

इथे मी थांबलो. डोकं मंदावलं तर अवघड चालींचा वेळ वाढेल. पण अवघड असो की सोपी, जवळपास प्रत्येक चालीमागे अडीच सेकंद सारखेच वाढलेत. हे विचाराचं लक्षण नव्हे, हे तर ओव्हरहेड! तारखेप्रमाणे लावलं तर वाढ हळूहळू झालेली नाही, एका दिवशी पायरीसारखी चढलेली. गणपतीच्या आदल्या आठवड्यात.

"बाबा, गणपतीच्या आधी काय बदललं?"

बरंच आठवून ते म्हणाले, ताईला लॅपटॉप दिला तेव्हापासून मी मोबाइलवर खेळतो. आणि मोबाइलवर एकदा बोट घसरून वजीर भलत्याच घरात पडला, म्हणून चाल खेळल्यावर "नक्की का?" असं विचारणारी सेटिंग चालू केली. म्हणजे प्रत्येक चालीला आधी मोहरा हलवायचा, मग चष्म्याआडून ते बारीक बटण शोधायचं आणि दाबायचं. चाळीस चालींचा डाव झाला तर नुसत्या बटणात शंभर सेकंद. दहा मिनिटांतली पावणेदोन मिनिटं!

बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी.

घड्याळाने हरणं ही काही फक्त म्हाताऱ्यांची गोष्ट नाही. 2025 च्या जुलैमध्ये बातुमीला महिला विश्वचषकाची फायनल झाली, आपली नागपूरची दिव्या देशमुख विरुद्ध कोनेरू हंपी. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल लागला टायब्रेकच्या रॅपिड डावांत. दिव्या जिंकली आणि ग्रँडमास्टरही झाली. त्या पातळीवरसुद्धा शेवटी घड्याळ बोलतं. यावर उपाय बॉबी फिशरने शोधला होता. प्रत्येक चालीनंतर थोडा वेळ परत देणारं घड्याळ, 1989 मध्ये त्याला त्याचं पेटंट मिळालं. जिंकलेली स्थिती केवळ सेकंद संपले म्हणून जाऊ नये, हा हेतू. आम्ही तेच केलं. दहा मिनिटांऐवजी पंधरा, आणि दर चालीला दहा सेकंद जादा. लीचेसच्या हिशेबात हाही रॅपिडच, म्हणून रेटिंग तेच चालू राहतं. "नक्की का?" मात्र बाबांनी बंद करू दिलं नाही. टूलरूममध्ये दोनदा मापून एकदा कापतात, म्हणे.

गोष्ट इथे संपली असती तर फार बरं झालं असतं.

डाव गटांत पाडताना मी सहज तासांप्रमाणेही पाडले होते. कुठल्या वेळी जास्त हरतात ते बघावं म्हणून. त्यात रात्री दोन ते चारच्या रकान्यात ढीगभर डाव दिसले. एपीआय वेळ यूटीसीच्या हिशेबात देतो आणि आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे पहिला संशय तिथेच गेला. आयुष्यात पहिल्यांदा मला मनापासून वाटत होतं की माझ्या कोडमध्ये बग निघावा. तीनदा तपासलं. निघाला नाही. आम्ही सगळे झोपलेलो असताना बाबा गेले काही महिने आठवड्यातून तीन-चार रात्री जागे होते.

हे मी विचारलं नव्हतं, तरी उत्तर आलं. आणि हेच उत्तर बाबांचं खातं माहीत असलेल्या कुणालाही, त्यांना न विचारता मिळालं असतं. खुल्या डेटाचा मी भक्त आहे, अजूनही आहे. पण त्या रात्री पहिल्यांदा कळलं की चालींच्या नोंदीत माणसाची झोपही नोंदलेली असते.

तो रकाना मी त्यांना दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी फक्त विचारलं, "बाबा, झोप लागते का?"

"लागते. पण मोडते." मग थोडं थांबून, "दादाला बघून आल्यापासून. वाटतं, उठून एक डाव खेळून बघावा. जमतोय का अजून."

म्हणजे रात्री तीन वाजता ते खेळत नव्हते, स्वतःची परीक्षा घेत होते. आणि बारीक बटणामुळे त्यात नापास होत होते.

माझा जावा प्रोग्राम म्हणजे काही वैद्यकीय तपासणी नव्हे. म्हणून आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी प्रश्न विचारले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं (बाबा म्हणाले, इथेही घड्याळच!), रक्त तपासलं. सध्या काळजीचं काही दिसत नाही, झोपेकडे लक्ष द्या, सहा महिन्यांनी या, असं सांगितलं. बाबांनी ते ऐकून घेतलं, पण त्यांना पटलं होतं ते आधीच, 1.6 आणि 4.1 या दोन आकड्यांनी. काही माणसांना धीर मापातच द्यावा लागतो.

आता बाबा आमचे क्लायंट झालेत. दर रविवारी नवी रिक्वायरमेंट. दोन्ही उंट शाबूत असलेले डाव किती जिंकलो, काळ्याने खेळताना कुठल्या सुरुवातीला फसतो, वगैरे. परवाची मागणी वेगळी होती.

"लॉकडाऊनमध्ये दादा आणि मी एकमेकांशी खेळायचो. ते निघतील?"

प्रतिस्पर्ध्याचं नाव देऊन डाव मागता येतात. निघाले. तेवीस. त्यातले चौदा काका जिंकलेले. बाबांनी चाली मोठ्या अक्षरांत छापून घेतल्या आणि लाकडी पट पिशवीत घालून सकाळच्या लोकलने डोंबिवलीला गेले.

संध्याकाळी मी विचारलं, काका ओळखले का? नाही म्हणाले. पण सातव्या डावात बाबांनी कागदावरची चाल खेळायच्या आत काकांनी स्वतःच हत्ती उचलून बरोबर त्याच घरात ठेवला.

पुढच्या रविवारी उरलेले सोळा घेऊन जाणार आहेत.