सूर्यापर्यंत टेप कुणी लावली?

सातारा

चि. ऋता,


पुस्तकात सूर्याचं अंतर १५ कोटी किलोमीटर छापलंय, आणि ते पाठ करायच्या आधी ‘तिथपर्यंत टेप कुणी लावली?’ असं तू विचारलंस. माझी सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली, त्यामुळे हा प्रश्न थेट माझ्या धंद्यातला आहे. बुध, शुक्र, पृथ्वी ही यादी तुला शाळेत सांगतीलच. मी मोजणीचं सांगतो.

आधी पुस्तकातल्या चित्राबद्दल. मधे सूर्य आणि भोवती आठ ग्रह दाटीवाटीने बसवलेले. कागदाला इलाज नाही, हे मान्य. पण सूर्य २ सेंटिमीटरचा काढला, तर त्याच मापात पृथ्वी दोन मीटरांच्या पलीकडे जाते आणि तिचा ठिपका मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा उरतो. नेपच्यून तर ६५ मीटरवर, तुमच्या वर्गाच्या भिंतीबाहेर. मधे जवळजवळ सगळं रिकामं. त्या चित्रावरून ग्रहांचा क्रम शिक, अंतर शिकू नकोस.

शुक्राची चांदणी तू पाहिली आहेस. ती संध्याकाळी पश्चिमेला दिसते, नाहीतर पहाटे पूर्वेला. मध्यरात्री डोक्यावर कधीच नाही. आठवड्यामागून आठवडे लक्ष ठेवलंस तर ती सूर्यापासून लांब लांब जाते, एका जागी थबकते आणि पुन्हा त्याच्याकडे वळते. थबकते तेव्हा दोघांमधला कोन साधारण ४६ अंशांचा असतो. हात ताठ समोर धरला की मूठ सुमारे १० अंश झाकते, म्हणजे साडेचार मुठी आणि थोडं वर. (मोजायचं ते सूर्य मावळता मावळता, आणि सरळ वर नाही, सूर्यापासून शुक्राकडे तिरकं. सूर्याकडे रोखून बघायचं नाही, दुर्बिणीतून तर मुळीच नाही.)

त्या दिवशी पृथ्वीवरून शुक्राकडे जाणारी रेषा त्याच्या कक्षेला नुसती स्पर्शून जाते, म्हणून शुक्रापाशी काटकोन होतो. आता वहीत काढ. पृथ्वी ते सूर्य १० सेंटिमीटर. पृथ्वीपाशी ४६ अंशांचा कोन. सूर्यापासून त्या रेषेवर लंब टाक आणि पट्टीने मोज. ७.२ सेंटिमीटर भरेल. म्हणजे आपलं सूर्यापासूनचं अंतर १ धरलं तर शुक्राचं ०.७२. कोपर्निकसने १५४३ च्या ग्रंथात ग्रहांची अशीच तुलनेची अंतरं दिली. बुधाला मात्र हा हिशेब लावायला गेलीस तर तो फसवेल. कधी १८ अंशांवरच माघारी फिरतो, कधी २८ पर्यंत जातो, कारण त्याच्या कक्षेत सूर्य मधोमध नाही, बराच एका अंगाला आहे.

पुढे केप्लरने १६१९ मध्ये नियम छापला: ग्रहाला फेरीला लागणाऱ्या वर्षांचा वर्ग हा त्याच्या अंतराच्या घनाएवढा. शुक्राची फेरी ०.६१५ वर्षाची. त्याचा वर्ग कर, मग ०.७२३ चा घन कर. दोन्हीकडे ०.३७८ येईल.

म्हणजे सूर्यमालेचा नकाशा चोख तयार होता, पण त्यावर प्रमाणपट्टी नव्हती. १ म्हणजे किती कोस, ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं.

नदीपलीकडच्या झाडाचं अंतर आम्ही नदी न ओलांडता काढायचो. अलीकडच्या काठावर बेसलाइन मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून झाडाचा कोन घ्यायचा, बाकीचं त्रिकोण सांगतो. सूर्यासाठी आपली बेसलाइन फार तर पृथ्वीएवढी, १२,७०० किलोमीटरची, आणि अंतर तिच्या जवळपास १२ हजार पट. कोन येतो अंशाच्या दोनशेव्या भागाएवढा. मी तरी असल्या बेसलाइनवर सही केली नसती.

१७१६ मध्ये हॅलीने, त्या धूमकेतूवाल्यानेच, तोड सुचवली. शुक्र कधीकधी सूर्यबिंबावरून काळ्या ठिपक्यासारखा सरकतो. त्याला अधिक्रमण म्हणतात. पृथ्वीवरच्या दोन लांबच्या ठिकाणांहून तो किंचित वेगळ्या वाटेने सरकताना दिसतो, म्हणून सूर्य ओलांडायला लागणारी मिनिटंही वेगळी येतात. कोन मोजू नका, घड्याळ लावा, असं त्याचं म्हणणं. पुढचं अधिक्रमण १७६१ मध्ये होतं. तोवर आपण नसणार हे त्याला माहीत होतं.

त्यासाठी जगभर माणसं निघाली. त्यांतला ल जान्ती हा फ्रेंच माणूस पाँडिचेरीला यायला १७६० मध्ये निघाला. वाटेत मलबार किनाऱ्याजवळ कळलं की पाँडिचेरी इंग्रजांनी घेतली. जहाज मागे फिरलं, आणि ६ जून १७६१ ला शुक्र सूर्यावर आला तेव्हा हा भर समुद्रात. हलत्या जहाजावर लंबकाचं घड्याळ काय कामाचं? अधिक्रमणं आठ वर्षांच्या अंतराने जोडीने येतात, मग शंभराहून जास्त वर्षं नाहीत. म्हणून तो घरी गेलाच नाही. मादागास्करचे नकाशे केले, मनिलाला गेला, शेवटी पाँडिचेरीला येऊन वेधशाळा बांधली आणि इथल्या ज्योतिषांकडून ग्रहणाचं गणितही शिकला. ४ जून १७६९ ची पहाट. आदल्या संध्याकाळपर्यंत छान असलेलं आकाश ऐन वेळी ढगांनी भरलं, आणि अधिक्रमण संपल्यावर मोकळं झालं. तो जिथून निघून आला होता त्या मनिलात मात्र स्वच्छ दिसलं. १७७१ मध्ये फ्रान्सला पोचला तेव्हा त्याला मृत ठरवून वारसांची वाटणी सुरू झाली होती.

इतरांना दिसलं. ताहितीहून कॅप्टन कुकनेही नोंदी घेतल्या, पण सूर्याच्या कडेला शुक्राचा ठिपका थेंबासारखा चिकटून लांबतो, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्याही वेळा जुळेनात. तरी सगळ्या नोंदी एकत्र करून लालांदने १७७१ मध्ये उत्तर काढलं: १५ कोटी ३० लाख किलोमीटर. आजचा आकडा १४ कोटी ९६ लाख. चूक सव्वादोन टक्क्यांची. बांधावरून भांडणारा शेतकरी एवढी चूक खपवून घेणार नाही, पण मला ती मोजणी फार मोठी वाटते.

टेप लागली १९६१ मध्ये, आणि तीही सूर्याला नाही, शुक्राला. रडारच्या लहरी शुक्रावर सोडल्या आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ मोजला. एकच अंतर किलोमीटरमध्ये हाती आलं की नकाशावरची बाकी सगळी आपोआप मिळतात, सूर्याचंसुद्धा.

२०१२ च्या जूनमधलं अधिक्रमण आपल्याकडूनही दिसण्यासारखं होतं. पुढचं डिसेंबर २११७ मध्ये आहे, तेव्हा तू त्याच्या नादी लागू नकोस. गुरूचं गणित कर. त्याची फेरी ११.८६ वर्षांची. वर्ग कर, घनमूळ काढ आणि आलेल्या उत्तराला १४ कोटी ९६ लाखांनी गुण. कॅल्क्युलेटर वापरलास तरी चालेल, पण पायऱ्या लिहून पाठव. नुसतं उत्तर मी तपासत नाही.

आईला सांग, लोणच्याची बरणी पोचली.

तुझे,
आबा