मुरगळलेला पाय

गेल्या पावसाळ्यात चाळीच्या जिन्यावर आमच्या अक्काचा पाय मुरगळला. घोटा टम्म सुजला. ती चार घरची धुणीभांडी करते. खाडा पडला की पैसे कापले जातात. शेजारणी म्हणाल्या, "तेल लावून जोरात चोळा." मी दुखण्याची गोळी पुढे केली. अक्का म्हणाली, "नको रे, मागे याच गोळ्यांनी पोटात आग पडली होती." मी बी.कॉम. झालेला, पण ओशाळलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी हाडे दाबून पाहिली, चार पावले चालवून पाहिले. "मोडलेले नाही," म्हणाले आणि डायक्लोफेनॅकचे मलम लिहून दिले. दिवसातून तीन-चार वेळा हलक्या हाताने लावायचे. दुखऱ्या जागीच काम होते. गोळीच्या मानाने रक्तात फार थोडे उतरते. २०२० साली अमेरिकेतील डॉक्टरांच्या दोन संघटनांनीही ताज्या मुरगळीवर असे मलमच आधी वापरा, असे सांगितले. मात्र जखमेवर ते लावू नये; गरोदर बाईने डॉक्टरांना विचारावे. पाऊलच टेकवत नसेल तर आधी एक्स-रे काढावा.

आठवड्याने अक्का कामावर गेली. दोन घरांनी पैसे कापलेच. बंधू-भगिनींनो, त्या दुखण्यावर मलम नाही. तिथे एकजूटच हवी.