रिपोर्ट एक सांगतो, अंग दुसरंच

थायरॉइडचा पहिला रिपोर्ट हातात आला तेव्हा त्यातल्या तीन ओळींपैकी एकही मला उलगडली नाही. टी३च्या पुढे तारा, टी४च्या पुढे तारा, टीएसएचच्या पुढे काहीच नाही. लॅबमधल्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "मॅडम, डॉक्टरांना दाखवा." घरी जाऊबाईंनी चष्मा लावून तो वाचला. त्यांची स्वतःची थायरॉइडची गोळी कित्येक वर्षं चालू आहे, त्यामुळे आमच्या घरात या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. "टीएसएच बरोबर आहे, म्हणजे तुला थायरॉइड नाही," त्या म्हणाल्या. शेजारच्या काकूंचं म्हणणं वेगळं. टी४ वाढलाय म्हणजे थायरॉइड जोरात आहे, आता वजन उतरेल बघ.

वजन तर वाढत होतं. सांगलीच्या मे महिन्यात घरात पंखा लागला की मला शाल लागायची. पोट साफ होत नव्हतं, पाळीला खूप जात होतं, सकाळी उठताना चेहरा सुजलेला असायचा. आवाज इतका जड झाला होता की फोनवर भाऊ विचारायचा, "ताई, झोपली होतीस का?" आणि केस. कंगव्यात, उशीवर, भाकरीच्या पिठात. त्यांच्यासाठी एका डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी रोज सकाळी चालू होती. गळणाऱ्या केसांचा आणि थायरॉइडचा संबंध असू शकतो, एवढं मला कुठूनतरी कळलं होतं, म्हणूनच तर रक्त तपासलं होतं.

रिपोर्ट घेऊन मिरजेला गेले. तिथल्या डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला आणि आधी मला तपासलं. माझ्या मागे उभे राहून त्यांनी गळ्यावर बोटं ठेवली आणि पाण्याचा घोट गिळायला सांगितला. थायरॉइडची ग्रंथी गिळताना वर सरकते, त्यामुळे ती वाढली आहे का, गाठ आहे का, हे हाताला कळतं. मग खुर्चीवर गुडघे टेकून पाठमोरी बसवलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटकन हललं, पण परत जागेवर यायला त्याने वेळ घेतला. "हे बघा ताई, हे सावकाश परततंय," ते म्हणाले. गळ्याचा आजार पायाच्या घोट्यात दिसतो हे मला खरंच वाटेना. थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की स्नायू सैल पडायला वेळ लागतो, म्हणून हे होतं. नाडीही मंद होती.

मग त्यांनी रिपोर्ट समजावला. टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नव्हेच. ते येतं मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून आणि थायरॉइडला कामाला लावतं. थायरॉइड कमी पडली की पिट्युटरी टीएसएच वाढवत नेते; रक्तात टी४ जास्त झालं की टीएसएच जवळजवळ बंद करते. म्हणजे टीएसएच जास्त तर ग्रंथी मंद आणि टीएसएच कमी तर ग्रंथी बेफाम. हे उलटं गणित डोक्यात बसायला मला वेळ लागला, पण ते बसल्यावरच माझ्या रिपोर्टमधली विसंगती दिसली. टी४ खरोखर एवढं वाढलं असतं तर टीएसएच तळाला जायला हवा होता. अंगावरच्या खुणा खऱ्या असतील तर तो खूप वर हवा होता. तो मात्र मधेच, चौकटीत. टी४ जास्त असूनही टीएसएच खाली न जाण्याची काही दुर्मीळ कारणं असतात. ती शोधण्याआधी डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला: "कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

मी केसांच्या गोळीचं पाकीट पर्समधून काढलं. त्यात १० मिलिग्रॅम बायोटिन होतं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं. म्हणजे एका गोळीत तीनशे पटींहून जास्त. शरीराला त्याचा त्रास होत नाही. घोटाळा होतो तो रक्त तपासणाऱ्या मशीनचा.

अनेक मशीनमध्ये या चाचण्या बायोटिनच्याच जोरावर चालतात. चाचणीच्या द्रव्यांना बायोटिन जोडलेलं असतं आणि बारीक कणांवरचं स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रथिन त्याला घट्ट पकडतं. कणांवर जे धरलं गेलं ते मोजायचं, बाकीचं धुऊन टाकायचं. पण रक्तातच बायोटिनचा पूर असेल तर एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सगळ्या जागा धरून ठेवाव्यात तशा त्या आधीच भरून जातात. मोजायचं ते खालीच राहतं. टीएसएचच्या चाचणीत कणांवर कमी सापडलं म्हणजे हार्मोन कमी, असं मशीन वाचतं. टी३ आणि टी४च्या चाचण्यांची रीत उलटी, तिथे कमी सापडलं म्हणजे हार्मोन जास्त. एकाच गोळीने माझा टीएसएच खाली ओढला होता आणि टी४ वर ढकलला होता, तेही फक्त कागदावर.

बायोटिन काही दिवस बंद ठेवून रक्त पुन्हा दिलं. या वेळी टीएसएच चाळिशीच्या पुढे गेला होता. साधारण ०.४ ते ४ ही त्याची चौकट. लॅबप्रमाणे थोडा फरक पडतो. टी४ कमी होतं. सोबत अँटी-टीपीओ नावाची चाचणीही केली होती, ती बरीच वाढलेली आली. म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडवर उठली होती. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली चार बायकांच्या थायरॉइडच्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून या आजाराचं पहिलं वर्णन केलं, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. मी सोनोग्राफीचं विचारलं. गळ्याला गाठ लागत नसेल तर नुसता टीएसएच वाढला म्हणून तिची गरज नसते, असं डॉक्टर म्हणाले.

आता सकाळी उठल्यावर उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेते आणि चहाला अर्धा-पाऊण तास थांबते. लोहाची गोळीही चालू आहे, ती या गोळीपासून चार तास लांब ठेवावी लागते, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. दर आठवड्याला टीएसएच तपासावा असं मला फार वाटायचं. पण टी४ रक्तात निम्मं व्हायलाच सुमारे आठवडा लागतो, आणि पिट्युटरी त्याहून सावकाश जागेवर येते. म्हणून डोस ठरवल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच पुन्हा रक्त तपासतात. भावाला आता माझा आवाज ओळखू येतो. केस अजून गळतात, त्यांना काही महिने लागतील असं सांगितलंय.

जाऊबाईंना मी हे सगळं सांगितलं, आणि आता प्रत्येकीला सांगत सुटले आहे. कारण हा प्रश्न एकट्या थायरॉइडचा नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली बायोटिनबद्दल जाहीर इशारा दिला. हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी ट्रोपोनिन तपासतात. भरपूर बायोटिन घेणाऱ्या एका रुग्णाचं ट्रोपोनिन खोटंच कमी आलं आणि तो रुग्ण दगावला, अशी नोंद त्या इशाऱ्यात होती. त्यानंतर काही कंपन्यांनी आपल्या चाचण्या सुधारल्या, पण आपलं रक्त कुठल्या मशीनवर जाणार हे आपल्याला ठाऊक नसतं. केसांची, नखांची, त्वचेची किंवा ताकदीची गोळी घेत असाल तर पाकिटावर बायोटिन लिहिलंय का ते बघा. आणि रक्त द्यायच्या आधीच, काढून झाल्यावर नव्हे, डॉक्टरांना आणि लॅबला ते सांगा, म्हणजे गोळी किती दिवस बंद ठेवायची ते त्यांना ठरवता येईल.