कार्डाचे पॉइंट आणि आमची वही

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला आईच्या माहेरी जायचे ठरले, तेव्हा आमच्या घरात पहिला प्रश्न निघाला तिकिटाचा आणि दुसरा क्रेडिट कार्डाचा. धाकटे चिरंजीव एका कुरिअरच्या गोदामात नोकरीला आहेत. स्टेशनबाहेर टेबल मांडून बसलेल्या मुलांकडून ते दोन पत्रके घेऊन आले. एक रेल्वे प्रवासाच्या कार्डाचे, दुसरे रोजच्या खर्चावर पैसे परत देणाऱ्या कार्डाचे. "बाबा, जे पैसे आपण नाहीतरी खर्च करणारच, त्यावर काही परत मिळत असेल तर का सोडायचे?" असे त्याचे म्हणणे. प्रश्न बिनतोड होता. तरी आमच्या सौ.नी एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा आमच्याकडे पाहिले आणि काही न बोलता भाकरी थापू लागल्या.

त्यांच्या गप्प राहण्याला कारण होते. तेच आधी सांगितले पाहिजे.

२०२२ च्या पावसाळ्यात आईला तातडीने दवाखान्यात ठेवावे लागले. रात्री अकरा वाजता एवढी रोकड कुठून आणायची? आमच्याजवळ एक कार्ड होते. कारखान्यात बँकेचा माणूस आला होता, सगळ्यांनी घेतले म्हणून आम्हीही घेतले होते. त्या रात्री त्यावर ४०,००० रुपये भरले. आई बरी होऊन घरी आली, आणि त्या कार्डाबद्दल आमच्या मनात मोठी कृतज्ञता उत्पन्न झाली. पुढच्या महिन्यात बिल आले. त्यात दोन आकडे होते : एकूण देय रक्कम ४०,००० आणि किमान देय रक्कम २,०००. आम्ही भाबडेपणाने समजलो की हा हप्ता आहे. दोन हजार भरत गेलो की वीस महिन्यांत मोकळे.

अकरा महिने दोन-दोन हजार नेमाने भरले. एकही तारीख चुकविली नाही. बाराव्या महिन्यात थोरल्या मुलीने बिल हातात घेतले आणि विचारले, "बाबा, यात अजून पस्तीस हजार कसे?" तिनेच मग कागदावर हिशेब मांडला. व्याज महिन्याला शेकडा साडेतीन, म्हणजे पहिल्या महिन्याचे १,४०० रुपये. त्या व्याजावर शेकडा १८ जी.एस.टी., २५२ रुपये. दोन हजारांतले १,६५२ असे गेले. मुद्दलात पडले ३४८. अकरा महिन्यांत आम्ही बावीस हजार मोजले आणि देणे उतरले पावणेपाच हजारांच्या आसपास. सावकाराच्या व्याजाच्या गोष्टी वडिलांच्या तोंडून ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस, हे गुणाकाराचे गणित मात्र आम्हाला सुचले नाही. आकडा महिन्याचा लिहिला की तो लहान दिसतो.

(राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली अशा व्याजावर वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. तेव्हा 'सरकारने काही मर्यादा घातलीच असेल' या भरवशावर कोणी राहू नये.)

शेवटी कामगारांच्या पतपेढीतून वर्षाला ११ टक्के दराने कर्ज काढले आणि कार्डाचे देणे एकदम फेडले. त्या ४०,००० वर आम्हाला ४०० पॉइंटही मिळाले होते! एका पॉइंटला पंचवीस पैसे, म्हणजे शंभर रुपये. ते घ्यायला गेलो तर वस्तू पोहोचविण्याचा आकार ९९ रुपये आणि वर जी.एस.टी. घ्यायला गेलो असतो तर खिशातून सोळा-सतरा रुपये जादा गेले असते. पॉइंट तिथेच सोडून कार्ड बंद केले.

आता सौ. गप्प का बसल्या ते वाचकांच्या ध्यानात आले असेल. पण मुलाचेही खोटे नव्हते. कार्ड वाईट की आम्ही अडाणी, हे एकदा पाहायलाच हवे होते. म्हणून त्या रात्री जेवणे झाल्यावर खर्चाची वही काढली आणि दोन्ही पत्रके तिच्या शेजारी ठेवली.

आमच्या वहीत त्या महिन्याचा खर्च होता २६,४००. त्यातले खोलीचे भाडे सात हजार, मालकाला रोख. भाजी, मासळी, मटण साडेतीन हजारांच्या पुढे. बाजारातल्या बाया कार्ड कुठून घेणार? दूध, भिशी, लोकलचे पास हेही वेगळे. कार्डावर टाकता येईल असे उरले ते किराणा पाच हजार, आईची औषधे चौदाशे, विजेचे बिल तेराशे, गॅस नऊशे आणि तीन मोबाइलचे सातशे. एकूण ९,३०० रुपये. म्हणजे सव्वीस हजारांच्या संसारात कार्डाच्या कक्षेत येणारा भाग तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक. पत्रकातले कुटुंब मात्र सगळाच खर्च कार्डावर करीत होते. फोटोत त्यांच्या हातात विमानाची तिकिटे होती.

रोजच्या खर्चाच्या कार्डावर शेकडा एक परत मिळणार होता. ९,३०० वर महिन्याला ९३, वर्षाला १,११६ रुपये. कार्डाची वार्षिक फी ५०० आणि जी.एस.टी. धरून ५९०. हाती राहिले ५२६. मुलीने बारीक अक्षरांतला मजकूर वाचला तर वीज आणि गॅसच्या बिलावर काहीच मिळणार नव्हते. मग उरले वर्षाला २६२ रुपये. पेट्रोलवर आकार माफ होता, पण एका वेळी पाचशेच्या वर भरले तर. आमचे चिरंजीव स्कूटरमध्ये दोनशेचे टाकतात. ते ऐकून आजीसुद्धा हसली.

"पण बाबा, ऑनलाइन खरेदीवर शेकडा पाच आहे," तो म्हणाला. "किराणा तिकडून मागवला तर पाच हजारांवर अडीचशे रुपये महिना सुटतात."

या ठिकाणी सौ. पहिल्यांदा बोलल्या. "आणि वाण्याला काय सांगायचं?"

आम्ही ज्या दुकानातून अठरा वर्षे किराणा भरतो, त्याच्याही एक वही आहे. महिनाभर माल घ्यायचा आणि पगार झाला की चुकता करायचा. त्यावर व्याज नाही, फी नाही, किमान देय रक्कम नाही. २०२० च्या टाळेबंदीत कारखाना बंद होता, तेव्हा त्याने तीन महिने तांदूळ, डाळ, तेल दिले आणि वहीत मांडून ठेवले. मागायला एकदाही आला नाही. अडीचशे रुपये लहान नाहीत, वर्षाचे तीन हजार होतात. आमच्यासारख्याला ती रक्कम दिसते. पण वाण्याकडून उठून गेल्यावर पुन्हा अडचणीच्या दिवशी त्याच्या दुकानाची पायरी कोणत्या तोंडाने चढायची? यावर घरात बरीच वादावादी झाली. धाकटा म्हणाला की दुकानदार भाव थोडा जास्त लावतोच, उधारीचे व्याज त्यात असते. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, हे आम्हाला मान्य करावे लागले. तरीही किराणा हलवायचा नाही असे ठरले.

मग रेल्वेचे कार्ड. आय.आर.सी.टी.सी.च्या नावाने काही बँकांनी अशी कार्डे काढली आहेत. आमच्या हातातल्या पत्रकावर तिकिटाच्या शेकडा दहा रकमेचे पॉइंट ठळक अक्षरांत छापले होते. एका पॉइंटला एक रुपया, म्हणजे खरोखरीचे दहा टक्के. चिरंजीवांचा चेहरा उजळला. मुलीने पान उलटले. दहा टक्के होते ते वातानुकूलित वर्गाच्या तिकिटांवर. स्लीपरचे नाव त्या यादीत कुठेही नव्हते.

आम्ही आजवर नागपूरला स्लीपरनेच गेलो आहोत. थर्ड ए.सी.चे तिकीट साधारण अडीचपट पडते. स्लीपरला शंभर लागत असतील तर ए.सी.ला अडीचशे, त्यातले दहा टक्के परत म्हणजे पंचवीस, खर्च सव्वादोनशे. पंचवीस मिळविण्यासाठी सव्वाशे जादा घालायचे. ज्यांना ए.सी.नेच जायचे आहे, वरचेवर जायचे आहे, त्यांच्यासाठी ते कार्ड चांगले आहे, यात शंका नाही. आमच्या मेव्हण्यांना कामासाठी महिन्यातून दोनदा जावे लागते. त्यांना आम्ही तेच घ्या म्हणून सांगितले. ते घेऊन खूषही आहेत. आम्ही जाणार वर्षातून एकदा, फार तर दोनदा. कार्डाबरोबर स्टेशनावरच्या खास विश्रांतिकक्षात बसायला मिळते असेही लिहिले होते. आमचा विश्रांतिकक्ष म्हणजे फलाटावर अंथरलेली चादर. तिला फी नाही.

या आकडेमोडीत आई मध्येच म्हणाली, "माझं तर अर्धंच तिकीट असायचं ना रे?" सगळे गप्प झाले. रेल्वेत ५८ वर्षांवरील स्त्रियांना निम्मी आणि साठीवरील पुरुषांना ४० टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये ती थांबविली. तिच्यासाठी कार्ड लागत नव्हते, पॉइंट मोजावे लागत नव्हते, वयाचा दाखला पुरत होता. एस.टी.त मात्र उलट झाले आहे. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याच्या आधीच, ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. सौ.च्या माहेरी आम्ही एस.टी.नेच जातो. चौघांत तिघी बायका, त्यात आई पंचाहत्तरीपुढची. चार तिकिटांच्या जागी दोनांचे पैसे लागतात. असे पन्नास टक्के देणारे कार्ड अजून तरी कोणत्या टेबलावर आम्ही पाहिले नाही.

एवढे होऊनही कार्ड घेतले, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल. आईचे वय पाहता अडचणीला काहीतरी जवळ असावे, आणि धाकट्याला पुढेमागे घरासाठी कर्ज काढायचे तर वेळेवर फेडल्याची नोंद त्याच्या नावावर असावी, असा विचार केला. पण प्रवासाचेही नाही आणि पाच टक्क्यांचेही नाही. ज्याला वार्षिक फी कधीच नाही, असे रुपे कार्ड निवडले. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यु.पी.आय.ला जोडता येते. त्यामुळे वाण्याच्या दुकानातला चौकोनी ठसा मोबाइलने टिपून त्यावरूनच पैसे देता येतात. (दुकानाच्या खात्याला चालते, माणसाच्या खाजगी खात्यावर पाठविता येत नाही.) वाण्याचे पैसे महिनाअखेर एकरकमी जातात, त्याची वही तशीच चालू आहे. खर्चमर्यादा बँक साठ हजार देत होती, आम्ही अर्ज करून वीस हजारांवर आणविली. तो अधिकारी चकित झाला. मर्यादा कमी करा म्हणणारे त्याच्याकडे फारसे येत नसावेत.

बिलाची तारीख आली की खात्यातून 'एकूण देय रक्कम' आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेत लिहून दिली आहे. फॉर्मवर 'किमान' आणि 'एकूण' असे दोन चौकोन असतात, सौ.नी स्वतः पाहून खात्री केली. पूर्ण भरले तर तीस-चाळीस दिवस पैसे बिनव्याजी वापरायला मिळतात, आणि खरा फायदा आम्हाला तोच वाटतो. थोडेही मागे ठेवले तर नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. या कार्डाने ए.टी.एम.मधून रोख मात्र कधीच काढायची नाही. तिथे काढण्याचा आकार वेगळा आणि व्याज त्याच दिवसापासून.

आणखी एक, कारण याची विचारणा शेजारीपाजारी वारंवार होते. कोणाला कार्ड बंद करायचे असेल आणि देणे बाकी नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या १ जुलै २०२२ पासूनच्या नियमानुसार बँकेने अर्ज मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचे असते. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला देणे लागते. न मागता कार्ड पाठविण्यालाही मनाई आहे. अर्ज लेखी करावा, पोच जपून ठेवावी.

कार्ड घेऊन आता वर्ष होत आले. औषधे आणि किराणा मिळून सात-आठशे रुपये परत जमा झाले आहेत. धाकट्याचे म्हणणे, ते पैसे घालून या खेपेला निदान आजीला तरी ए.सी.तून न्यावे. मुलगी म्हणते, एकटीला वेगळ्या डब्यात कशी बसवणार? आईने आपले गाठोडे आत्तापासूनच बांधून ठेवले आहे. तिकिटे काढली ती स्लीपरचीच, पाचही. तीन पक्की आहेत, दोन वेटिंगवर.