दोन नांगर

आमच्या गंगापूर तालुक्यात नांगर म्हणजे जमीन उलथणारा. कोकणात नांगर म्हणजे होडी धरून ठेवणारा. शब्द एकच, म्हणून मला वाटलं की बांधण्याची रीतही एकच असेल.

22 मे 2025 ला मी छत्रपती संभाजीनगरहून बहिणीच्या सासरी, आंजर्ल्याला पोचलो. दापोली तालुक्यातलं हे गाव जोग नदीच्या खाडीवर आहे. हर्णैच्या उघड्या बंदरात वारं सुटलं की तिथल्या नौका याच खाडीच्या आसऱ्याला येतात. दाजींची इथे फायबरची छोटी शिडाची होडी आहे. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं होतं आणि सगळी आळी होड्यांच्या मागे लागली होती. एरवी 1 जूनला मासेमारीबंदी सुरू होते, त्या सुमारास होड्या वर ओढून शाकारतात. आमच्याकडे शाकारणी घराची. होडीचीही असते हे मला त्या दिवशी कळलं. त्या वर्षी मात्र पाऊस कुणाची वाट बघणार नव्हता.

दुपारी दोनला दाजी म्हणाले, "तोवर धक्क्याला बांधून ठेव रे." वैशाखातल्या वावटळीच्या भीतीने आम्ही कडब्याची गंजी आवळतो, तशी मी होडी आवळली. गाठीवर गाठ मारली. ओहोटी होती, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

संध्याकाळी सातला जाऊन बघतो तर पाणी पुरुषभर चढलेलं. होडीला वर यायचं होतं आणि माझा दोर तिला येऊ देत नव्हता. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यात दबली होती आणि आत पाणी शिरत होतं. मी धावत गाठ सोडायला गेलो, पण ताणाने ती दगडासारखी झाली होती. तेवढ्यात दोराची खुंटी फायबरच्या ढलपीसकट उखडून आली. मी नुसता उभा राहिलो. घट्ट बांधली म्हणूनच मोडली, हे डोक्यात शिरायला वेळ लागला.

शेजारचे काका जन्मभर दर्यावर गेलेले. रागावले नाहीत. म्हणाले, "उद्या एकादशी. भरती सव्वाआठला. तेव्हा वर घेऊ." वेळ कशी काढली, विचारलं. तिथीची पाऊणपट करायची: अकराची पाऊणपट सव्वाआठ. पंचांग आमच्याही घरात आहे, पण त्यातून समुद्र मोजता येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी भरतीच्या पाण्यावरच होडी ओंडक्यांवरून वर घेतली. दाजी नारळीखालच्या सावलीकडे वळणार, तोच काकांनी थांबवलं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात या भागातल्या नारळी-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. झाडाखाली आसरा नको. मोकळ्या जागी, नाळ वाऱ्याकडे करून होडी ठेवली. डोलकाठी उतरवली. शीड गुंडाळून बांधलेलं मला पुरेसं वाटत होतं, पण काकांनी ते काढून घरात न्यायला लावलं. सोसाट्यात एक टोक सुटलं की वारा पूर्ण शीड उलगडतो. तळाचं बूच काढलं, म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही. मग जमिनीत खोल पुरलेल्या खुंटांना दोर. इथे मी जपून सैल बांधला, तर काका म्हणाले, "आता आवळ!"

मी गोंधळून गेलो. काल घट्ट चुकलं, आज सैल चुकलं.

उत्तर काकांच्या स्वतःच्या होडीवर मिळालं. ती वर घ्यायला माणसं उरली नव्हती, म्हणून खाडीतच दोन नांगरांवर ठेवायची होती. पाण्याची खोली अदमासे दोन पुरुष, आणि काका दोर सोडतच होते, त्या खोलीच्या सातपट. इतका कशाला? "आखूड दोर नांगराला वर उचलतो. लांब दोर त्याला आडवा ओढतो, तेव्हा नांगर मातीत रुततो." हे मात्र मला लगेच पटलं. आमच्याकडेही दोर आखूड झाला की फाळ मातीतून वर येतो. 2021 च्या तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-305 नावाच्या तराफ्याचे नांगर सुटले. त्यावर 261 माणसं होती. त्या बातमीचा अर्थ मला चार वर्षांनी होडीवर उभं राहून कळला. दोर जिथे काठावर घासणार, तिथे काकांनी पाण्याच्या नळीचा तुकडा चढवला. वादळात दोर तुटण्याआधी झिजतो.

24 मेच्या दुपारी तो कमी दाबाचा पट्टा रत्नागिरी ते दापोलीदरम्यान किनाऱ्यावर आला. आम्ही घरात बसून पत्र्यांचा आवाज ऐकत होतो. संध्याकाळी दोन्ही होड्या जागेवर होत्या. काकांची होडी वाऱ्याकडे तोंड करून सैल दोरावर डुलत होती.

परतल्यावर मी आमच्या तालुक्यातल्या, नाथसागराच्या काठच्या कायगावला गेलो. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. त्याला भरती नाही, पण सुमारे 350 चौरस किलोमीटरचं मोकळं पाणी आहे आणि वळवाचा वारा तिथे सांगून येत नाही. 21 मे 2024 ला उजनी धरणाच्या पाण्यात अशाच वाऱ्याने बोट उलटून सहा माणसं गेली. कायगावच्या काठावर मासेमारांच्या होड्या आखूड नायलॉन दोरीने बाभळीच्या बुंध्यांना बांधलेल्या दिसल्या. नाथसागरावर ज्यांची होडी आहे, त्यांनी वळीव यायच्या आत ती झाडाखालून काढावी. पाण्यात ठेवायची असेल तर दोर लांब सोडावा. जमिनीवर घ्यायची असेल तर आवळून बांधावी.