भलता टायर

वस्तू ज्या कामासाठी बनवली त्याच कामासाठी वापरायची, असे मानणारा एक पंथ जगात आहे. आमचे घराणे त्या पंथातले नाही. आमच्याकडे मोडक्या छत्रीच्या काडीने मोरीचे भोक मोकळे होई. सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या चकत्या कापून त्यांनी मसाल्याच्या पुड्या बांधल्या जात. आणि वडिलांचे धोतर आधी पंचा, मग तान्ह्याचे दुपटे, मग डब्यावरचे फडके असे एकेक जन्म घेत शेवटी पोतेरे होऊन मोक्षाला जाई.

टायरच्या बाबतीत तर उभा महाराष्ट्रच आमच्या पंथाचा. ट्रकला चालेनासा झालेला टायर बैलगाडीला चालतो, बैलगाडीला नकोसा झाला की चपलेचा तळ होतो, आणि अगदीच कशाला उपयोगी पडला नाही तर वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून छपरावर जाऊन बसतो. मधल्या काळात एखादे पोर काठीने हाणीत त्याला गावभर फिरवून आणते ते वेगळेच. टायरलाही निवृत्तीचे वय असते, ही कल्पना आपल्याकडे अजून आलेली नाही.

एवढे संस्कार गाठीशी असूनही, २०१८ सालच्या मे महिन्यात अमेरिकेत धाकट्या भावाच्या गॅरेजात उभा असताना मी हादरलो. तो सहज म्हणाला, "दादा, मागच्या चाकाला मी कारचा टायर बसवतोय."

हादरण्याचे पहिले कारण, ते चाक मोटरसायकलचे होते. दुसरे आणि मोठे कारण, हे म्हणणारा बाळू होता.

बाळू हा आमच्या घराण्यातला एकमेव पाखंडी. लहानपणी आम्ही पावलीने स्क्रू पिळत असू, तेव्हा हा "स्क्रू-ड्रायव्हर आणा, नाहीतर राहू दे" म्हणून बसून राही. पुढे तो इंजिनिअर झाला, कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी गेला आणि तिथल्या विमानांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून चिकटला. विचिटाला विमानांची राजधानी म्हणतात. त्या राजधानीत बाळूने तीस वर्षे एकच काम केले. नकाशात सांगितलेला रिव्हेट सोडून दुसरा दिसला की विमान अडवायचे. असा माणूस भलत्या गाडीचा टायर हातात घेऊन उभा राहतो, म्हणजे काशीच्या शास्त्रीबुवांनी एकादशीला ऑम्लेट मागवण्यापैकीच होते.

"वेडा झालास काय रे?" मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच मी नियमांच्या बाजूने आणि बाळू विरुद्ध बाजूने, असा सामना लागला.

मोटरसायकल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येते ते हे नव्हे. होंडाची गोल्डविंग. १९७४ साली कंपनीने ही पहिल्यांदा लोकांपुढे आणली तेव्हा तिला चार सिलिंडर होते. बाळूची २००६ सालची, तिला सहा. इंजिन १८३२ सीसीचे आणि वजन ४०० किलोंच्या घरात. रेडिओ आहे, सामानाच्या डिक्या आहेत, मागे बसणाऱ्याच्या पाठीला गादी आहे, आणि एवढे धूड हाताने मागे लोटता येणार नाही म्हणून चक्क रिव्हर्सही आहे. कंपनी जपानी, जुळणी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली आणि स्वार सदाशिव पेठेतला. कोणाचाच कोणाशी संबंध नसून सगळे सुरळीत चाललेले.

"बघ," बाळूने जुना टायर माझ्यापुढे लोटला. "मोटरसायकल वळताना कलते. म्हणून तिच्या टायरची पाठ नारळासारखी गोल असते. कितीही कललीस तरी गोलाईचा कुठला तरी भाग रस्त्याला टेकलेलाच. कार कलत नाही, म्हणून तिचा टायर पाटासारखा सपाट."

"मग नारळाच्या जागी पाट का?"

"कारण कॅन्ससमध्ये वळणंच नाहीत! इथला रस्ता सकाळी धरला की संध्याकाळपर्यंत सरळ. टायरची फक्त मधली पट्टी झिजते. ८-१० हजार मैलांत मधे गुळगुळीत, नि दोन्ही कडा कोऱ्या करकरीत."

मी टायर पाहिला. मध्ये टक्कल आणि दोन्ही बाजूंना दाट केस. तंतोतंत माझे डोके. मला त्या टायरबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली.

कारचा टायर मात्र २५-३० हजार मैल सहज जातो, वजन जास्त पेलतो आणि किंमतही कमी, असे बाळूचे म्हणणे. तिकडे लांब पल्ल्याच्या फिरस्त्यांमध्ये असे करणाऱ्यांची एक जमातच आहे. 'स्टार वॉर्स' चित्रपटांतला शब्द उचलून ते स्वतःला 'डार्कसायडर' म्हणवतात. मी त्यांचे बारसे 'कृष्णपक्षीय' असे केले. त्यांच्या विरुद्ध असतो तो शुक्लपक्ष. शुक्लपक्षात टायर कंपन्या आहेत, मोटरसायकलींची दुकाने आहेत आणि अक्कल असलेली बहुसंख्य माणसे आहेत. दोन्ही पक्षांचे भांडण आपल्याकडच्या शैव-वैष्णवांच्या तोडीचे.

"आणि शुक्लपक्षाचं म्हणणं काय?" मी विचारले.

इथे बाळूतला तपासनीस जागा झाला. स्वतःच्या विरुद्ध पुरावा त्याने स्वतःच मांडला. टायरच्या दोन्ही कडांत पोलादी तारेचे कडे असते, ते रीमवर घट्ट बसावे लागते. कारच्या रीमची बैठक वेगळी, मोटरसायकलच्या रीमची वेगळी. म्हणजे पहिली तक्रार बसण्याचीच. दुसरी वळण्याची. गाडी कलली की सपाट टायर एका कडेवर उभा राहतो, त्याला परत आडवे पडायचे असते, म्हणून हँडल सतत दाबून धरावे लागते. तिसरी, रस्ता जरा उतरता असला की टायर त्या बाजूला ओढतो. "विमानाच्या कारखान्यात असलं काही माझ्यापुढे आलं असतं," तो म्हणाला, "तर मी सही केली नसती."

"मग इथे का करतोस?"

तो काही बोलला नाही. नट काढायला वाकला.

या गाडीच्या मागच्या चाकाला आधार एकाच बाजूने. पाच नट काढले आणि चाक दुसऱ्या बाजूने अलगद हातात आले. "अरे, हे तर आपल्या चेतकसारखं!" मी ओरडलो. आमच्या चेतकचे चाकही असेच एका बाजूने निघे. त्या स्कूटरवर मी, ही, दोन पोरे आणि गॅसचा सिलिंडर असे पाच जण फिरलो आहोत. सुरू होईना की ती कलती करायची, मिनिटभर तशीच धरायची आणि मग किक मारायची. कलती का करायची हे कोणालाच ठाऊक नव्हते, पण ती सुरू व्हायची.

मोटरसायकलच्या दुकानाने हा टायर चढवायला साफ नकार दिला होता. तेव्हा आम्ही चाक घेऊन बाळूच्या एका म्हाताऱ्या शेतकरी मित्राकडे गेलो. तो जुना कृष्णपक्षीय. त्याने कडांना साबणाचे पाणी लावले, हवेची नळी व्हॉल्वला अडकवली आणि आम्हाला दाराबाहेर काढून स्वतःही लांब उभा राहिला. आमचा पुण्यातला पंक्चरवाला टायरवर बसून बिडी ओढीत हवा भरायचा, त्यामुळे ही तयारी पाहून माझे पाय लटपटू लागले. काटा चढत गेला. मग फट्! पुन्हा फट्! टायरच्या दोन्ही कडा जाग्यावर बसल्या होत्या. मी मात्र उभाच होतो.

त्या रात्री जेवणे झाल्यावर बाळूने भिंतीवरचा नकाशा दाखवला. अलास्का आणि हवाई सोडले तर अमेरिकेची ४८ राज्ये. त्यांतली ३१ लाल पेन्सिलीने रंगवलेली. रंग सीमेच्या बाहेर कुठेही गेलेला नव्हता. ते शालूचे काम. बाळू निवृत्त झाल्यावर दोघांनी सगळी राज्ये या गाडीवरून बघायची ठरवले होते. ३१ झाली. मग शालूच गेली. तिला जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती.

"तिला एकच भीती होती," बाळू म्हणाला. "पंक्चरची. माळरानात शंभर शंभर मैल वस्ती नाही नि फोनही लागत नाही. मागून सारखी विचारायची, इथे पंक्चर झालं तर? मी म्हणायचो, होत नाही गं." त्याने नकाशाचा कोपरा सरळ केला. "हा जो टायर बसवला ना, तो रन-फ्लॅट आहे. याची बाजूची भिंत जाड असते. हवा गेली तरी कारखाली हा ५० मैल चालतो. मोटरसायकलखाली किती चालेल याचा कागद माझ्याकडे नाही. पण उरलेली १७ राज्यं करायची तर... तिला सांगता येईल, सोय केली म्हणून."

कोणाला सांगायचे, हे मी विचारले नाही. आमच्या हिने डोळ्यांना पदर लावला आणि ताटे उचलायला सुरुवात केली. तपासनीस जेव्हा नकाशाबाहेरचा रिव्हेट मारतो, तेव्हा त्याच्यापाशी काही तरी कारण असते.

सकाळी हिने पूजा मांडली. हळद-कुंकू पुण्याहून आणलेले होतेच.

"भावजी, पूजा गाडीची करू की टायरची?"

"टायरची करा, वहिनी. गाडीची शालूनं केली होती."

हिने चाकाखाली लिंबू ठेवले. गाडी पुढे गेली, लिंबू चिरडले. वर चारशे किलो असल्यावर टायर कारचा की मोटरसायकलचा, ही चौकशी लिंबू करीत नाही.

मग फेरीचा प्रश्न आला. मागच्या गादीवर कोणी तरी बसायला हवे होते. वजन पडल्याशिवाय टायरची परीक्षा होणार नाही, असे बाळूचे म्हणणे. वजन या विषयावर माझ्याकडे सगळ्यांनी एकदमच पाहिले.

विचिटाच्या ईशान्येला फ्लिंट हिल्स नावाच्या टेकड्या आहेत. टेकड्या म्हणायच्या, एवढेच. आपली पर्वती तिथे नेऊन ठेवली तर ती सह्याद्री ठरेल. पण मे महिन्यात सगळीकडे हिरवेगार गवत, वर अफाट आभाळ, आणि मुख्य म्हणजे रस्त्याला वळणे. आम्ही कॉटनवुड फॉल्स गावाच्या दिशेने निघालो. डोक्यावरच्या हेल्मेटांत एकमेकांशी बोलायची सोय होती. सरळ रस्त्यावर मी बैठकीतल्या आरामखुर्चीत बसावे तसा बसलो होतो. कृष्णपक्षात जावे की काय, असा विचारही मनात डोकावला.

तेवढ्यात वळण आले.

गाडी उजवीकडे कलू लागली. क्षणभर ती अडली, टायरला आपण कारखाली नाही याची आठवण झाली असावी. मी बाणेदारपणे डावीकडे कललो. कोणी तरी तोल सांभाळायला हवा होता!

"दादा!" कानात आवाज आला. "उलटा नको कलूस! माझ्याबरोबर कल!"

"पडू रे!"

"नाही पडत. शालू काय करायची माहीत आहे? माझ्या खांद्यावरून आत बघायची. वळण जिकडे जातं तिकडे. तू पण बघ."

मी डोळे किलकिले केले आणि त्याच्या उजव्या खांद्यावरून पाहिले. रस्ता वळून गवतात शिरत होता. बाळूने हँडल दाबून धरले, मी त्याच्याबरोबर कललो, आणि तो हटवादी सपाट टायर आपल्या एका कडेवर उभा राहून निमूट वळला. पुढचे वळण आले तेव्हा मी आधीच कललो. चौथ्या वळणाला मला वाटले, हे मला जमते. सत्तराव्या वर्षी ज्या गोष्टी नव्याने जमतात त्यांची यादी फार लहान असते, म्हणून मुद्दाम सांगतो.

परतल्यावर बाळूने चाकाजवळ उकिडवे बसून टायरची कड बोटाने चाचपली, हवा मोजली आणि वहीत काहीतरी लिहिले. "कुणी विचारलं तर कर म्हणून सांगू नकोस," तो म्हणाला. "मी दर पाचशे मैलांना कड तपासणार आहे. लोक तपासत नाहीत." मीही वाचकांना हेच सांगतो. टायर बनवणारे नको म्हणतात ते उगाच नव्हे. या विषयात माझा अधिकार चार वळणे आणि एक लिंबू एवढाच आहे.

आम्ही पुण्याला आलो. नंतर बाळूचे फोन येत राहिले. ३२वे झाले. ३३वे झाले. नकाशा तो आता स्वतः रंगवतो. रंग सीमेबाहेर जातो, अशी कबुली त्यानेच दिली.

मग एकदा आमच्याकडे रात्र असताना फोन वाजला. मागे वारा सूं सूं करीत होता.

"दादा, पंक्चर."

माझ्या पोटात गोळा आला. "तरी मी सांगत होतो! भलता टायर! कारचा तो कारचाच! आता कसला तुझा रन-फ्लॅट नि कसलं काय..."

"अरे, ऐक तर," बाळू म्हणाला. बऱ्याच वर्षांनी तो मोकळेपणाने हसत होता. "पुढचा गेलाय."

पुढचा टायर मोटरसायकलचाच होता. अगदी नकाशात सांगितलेला.